परदेशी ट्रेकला छोट्या ग्रुपमधून जाताय? विमानाचं तिकीट घाईने काढू नका

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींकडून येणारा प्रश्न ठरलेला असतो. "तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून काढून टाकलं, रजाही मंजूर झाली. आता कुठल्या कंपनीकडे बुकिंग करू?" प्रश्नात चूक काही नाही, फक्त त्याची वेळ चुकलेली आहे. तिकीट आधी, कंपनी मग, व्हिसा त्यानंतर आणि तब्येतीचा विचार सॅक भरताना, असा उलटा प्रवास झाला की कुठेतरी पैसे अडकतात. कधी ग्रुपच निघत नाही, कधी व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही, तर कधी ट्रेक आपल्या कुवतीबाहेरचा निघतो.

इथे विषय आहे आठ ते सोळा जणांच्या ग्रुपचा. सोबत टूर लीडर, स्थानिक गाइड आणि ठरलेले मुक्काम असतात, पण मोकळा वेळही असतो. टांझानियातलं किलिमांजारो, एव्हरेस्ट बेस कॅम्प, पेरूतला इंका ट्रेल, आल्प्समधली माँ ब्लांची परिक्रमा, मोरोक्कोतलं तुबकाल ही नेहमीची नावं. आपल्याकडच्या मोठ्या बसटूरसारखा सोबत महाराज नसतो आणि सकाळी पोहेही नसतात. विमानभाडं बहुतेक वेळा किमतीत धरलेलं नसतं. ग्रुपमधले बाकीचे लोक कुठल्याही देशाचे असू शकतात.

पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. सातवा टप्पा मात्र चौथ्याच्या सोबतच सुरू होतो.

टप्पा १ : ट्रेक निवडताना किलोमीटर पाहू नका

कंपन्या ट्रेकला श्रेणी देतात : सोपा, मध्यम, कठीण किंवा १ ते ५. या श्रेणी प्रत्येक कंपनीच्या आपापल्या असतात. एकीचा "मध्यम" दुसरीच्या "कठीण"इतका दमवू शकतो. म्हणून श्रेणी बाजूला ठेवा आणि दिवसवार कार्यक्रमातून चार आकडे काढून कागदावर मांडा.

पहिला, रोज किती तास चालायचं. दुसरा, एका दिवसातली सर्वांत मोठी चढाई आणि सर्वांत मोठी उतराई, मीटरमध्ये. तिसरा, सर्वांत उंचावरच्या मुक्कामाची उंची. चौथा, चालण्याचे सलग दिवस.

आता हे आकडे आपल्या मापाने मोजा. आतकरवाडीतून सिंहगड चढला की साधारण ६०० मीटर चढाई होते. किलिमांजारोवर माचामे किंवा लेमोशो मार्गाने गेलात तर शिखराच्या रात्री बराफू कॅम्प (सुमारे ४,६७० मीटर) ते उहुरू शिखर (५,८९५ मीटर) असं चढायचं असतं. म्हणजे सुमारे १,२०० मीटर, दोन सिंहगड, मध्यरात्रीच्या थंडीत. प्राणवायूही समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा मिळतो. त्याच दिवशी ३,१०० मीटरच्या आसपासच्या कॅम्पपर्यंत खाली यायचं, म्हणजे जवळजवळ २,८०० मीटर उतार. लोक चढाची भीती धरतात आणि गुडघे उताराला जातात.

विरळ हवेचा प्रश्न वेगळाच आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर. तोरणा १,४०३ मीटर. इथे कितीही गड केले तरी विरळ हवेचा सराव होत नाही, आणि तिथे कोणाला त्रास होईल हे फिटनेसवरून सांगता येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही होतो. म्हणून कार्यक्रमात एक गोष्ट शोधा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जुळवून घेण्याचा दिवस असावा. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या (५,३६४ मीटर) वाटेवर नामचे बाजार (३,४४० मीटर) इथे दोन रात्री थांबवतात ते यासाठीच. हा थांबा कापून "कमी रजेत" म्हणून विकलेला कार्यक्रम घेऊ नका. किलिमांजारोसाठीही पाच दिवसांच्या स्वस्त पर्यायापेक्षा सात-आठ दिवसांचा घ्या. वाढीव दिवसांचे पैसे वाया जात नाहीत, शिखर गाठण्याची शक्यता त्यांनीच वाढते.

*तपासा :* रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा जुना त्रास किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांकडे आत्ताच जा. पैसे भरल्यावर नको. जाताना वरचे चार आकडे लिहिलेला कागद न्या. "ट्रेकला जाऊ का?" या प्रश्नाला डॉक्टर "जा" म्हणतील. "पाच रात्री ३,५०० मीटरच्या वर झोपणार आहे" असं सांगितलं की त्यांचे पुढचे प्रश्न बदलतात.

टप्पा २ : कंपनीकडून लेखी उत्तरं घ्या

फोनवर सगळे गोड बोलतात. विचारायचं ते ईमेलवर विचारा आणि उत्तरं जपून ठेवा.

ग्रुप निघायला किमान किती लोक लागतात, आणि तेवढे झाले नाहीत तर रद्द केव्हा कळवता? किमतीत नेमकं काय नाही : परमिट, दुपारचं जेवण, अंतर्गत विमान, टिप, स्लीपिंग बॅगचं भाडं? खोली दोघांत असेल तर जोडीदार कोण ठरवतं, आणि एकट्याची खोली हवी असेल तर किती जास्त? कोणी आजारी पडून मागे फिरलं तर सोबत कोण जातं, आणि बाकीच्या ग्रुपकडे मग गाइड उरतो का? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. कंपनीची खरी तयारी त्याच्याच उत्तरातून कळते.

जेवणाचा प्रश्नही नेमका विचारा. "शाकाहारी मिळेल का?" याला जगभरात "हो" असंच उत्तर येतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्या "हो"मध्ये अंडं, मासे किंवा कोंबडीच्या पाण्यातलं सूप बसतं. म्हणून लिहा : मांस, मासे, अंडी, त्यांचं पाणी किंवा चरबी चालत नाही; दूध, दही, चीज चालतं. जैन असाल तर कांदा, लसूण आणि कंद वेगळे लिहा. डोंगरात सगळं जेवण कंदांवर चालतं, हेही गृहीत धरून ठेवा. बटाटा वगळला तर आल्प्समधल्या पहाडी झोपडीत संध्याकाळी पानात फारसं काही उरत नाही.

किलिमांजारोसाठी एक जास्तीचा प्रश्न : कंपनी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टची भागीदार आहे का? ही संस्था पोर्टरांना (सामान वाहणाऱ्यांना) पुरेशी मजुरी, जेवण आणि तंबू मिळतो की नाही यावर लक्ष ठेवते. दर अविश्वसनीय वाटावा इतका कमी असेल तर तो बहुधा पोर्टरांच्या पोटातून कापलेला असतो.

*इशारा :* पुण्यातल्या एजंटमार्फत जात असाल तर प्रत्यक्ष सहल चालवणारी कंपनी कोणती हे आधीच विचारा. बरेचदा इथला एजंट फक्त बुकिंग घेतो आणि डोंगरात तिसरंच कोणी भेटतं. त्यात गैर काही नाही, पण नाव तुमच्याकडे हवं.

टप्पा ३ : पासपोर्ट हातात घेऊन नीट वाचा

मुदत, रिकामी पानं आणि नाव, या तिन्ही गोष्टी पाहायच्या.

परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असावी, हे बहुतेक ठिकाणी चालणारं सुरक्षित माप. शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा) नियम वेगळा आहे : तिथून निघाल्यावर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. नूतनीकरण करायचं असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आता घ्या. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीचा वेळही धरा.

इंका ट्रेलला जाणाऱ्यांनी हे डिपॉझिटच्या आधीच उरकावं. तिथे दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश आहे, त्यातही गाइड आणि पोर्टर धरलेले असतात. परमिट नाव आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं आणि दुसऱ्याला देता येत नाही. परमिट निघाल्यावर पासपोर्ट बदलला की ईमेलची ये-जा सुरू होते. फेब्रुवारीत हा मार्ग बंद असतो.

नाव मात्र आपल्याकडे हमखास घोटाळा करतं. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. कंपनीच्या फॉर्मवर मात्र आपण घाईत फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो. मग सहलीच्या बुकिंगवर एक नाव, तिकिटावर दुसरं, विम्यावर तिसरं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण पॅन माहेरच्या नावानेच राहिला, हा त्याचाच पुढचा अंक. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत जसं आहे तसंच नाव सगळीकडे टाका.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. नुसत्या आधारवर तरुण आणि मध्यमवयीन माणसाला जाता येत नाही.

टप्पा ४ : डिपॉझिट, विमा आणि "नक्की निघणार" हा शब्द

आता डिपॉझिट भरा. फक्त डिपॉझिट. उरलेली रक्कम साधारण दोन महिने आधी भरायची असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण ती चुकली तर बुकिंग रद्द होऊ शकतं आणि व्हिसाच्या गडबडीत ती नेमकी चुकते.

परदेशी कंपनीला कार्डाने पैसे भरणार असाल तर कार्डावर साधारण २ ते ३.५ टक्के परकीय चलनाचं शुल्क लागतं. रुपयात भरू का डॉलरमध्ये, असा पर्याय समोर आला तर कंपनीचं चलन निवडा. रुपयाचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला दर बहुतेक वेळा वाईट असतो. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर वर टीसीएस (पैसे घेतानाच कंपनी वसूल करते तो आयकर) लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळती होते. पण तोपर्यंत ती खिशातून गेलेलीच असते, म्हणून बजेटमध्ये धरा.

डिपॉझिट भरलं की त्याच आठवड्यात विमा घ्या. लोक तो विमानतळावर जाताना मोबाइलवर घेतात. तसं केलं तर मधल्या काळात पाय मोडला किंवा घरात आजारपण आलं तर रद्द करण्याची भरपाई मिळत नाही.

विम्यात पाहायच्या गोष्टी :

उंचीची मर्यादा. अनेक पॉलिसींमध्ये "साहसी खेळ" वगळलेले असतात, किंवा ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक चालत नाही. ट्रेकची कमाल उंची लिहून ईमेल करा आणि "हो, यात बसतं" असं लेखी मागवा.

हेलिकॉप्टरने सुटका आहे का, आणि त्यासाठी आधी कुठल्या नंबरवर फोन करावा लागतो? परवानगीशिवाय हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं. नेपाळमध्ये २०१८ साली गरज नसताना हेलिकॉप्टर मागवून विमा कंपन्यांना लुबाडण्याचे प्रकार सरकारी चौकशीत पुढे आले. तेव्हापासून विमा कंपन्या अशा दाव्यांकडे बारकाईने पाहतात.

जुने आजार जाहीर करा. रक्तदाबाची एक गोळी घेता तीही लिहा. व्हिसा नाकारला गेला तर विम्यातून सगळे पैसे परत मिळतील, असं गृहीत धरू नका.

*तपासा :* कंपनीकडून "हा ग्रुप नक्की निघणार" असं लेखी आलं का? आलं नसेल तर सहाव्या टप्प्याकडे वळू नका. "जवळजवळ भरलाय" हे उत्तर त्यात बसत नाही.

टप्पा ५ : व्हिसा आणि लस

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात पंधरा दिवसांवर विसंबणं म्हणजे जुगार. काही देशांचे अर्ज पुण्यातच घेतले जातात, काहींसाठी मुंबई गाठावी लागते. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणून रजेचा एक दिवस त्यासाठीही राखून ठेवा.

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा? जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार तिथे. रात्री सारख्या असतील तर जिथे प्रथम प्रवेश करणार तिथे. माँ ब्लांच्या परिक्रमेत हे हमखास चुकतं, कारण सुमारे १७० किलोमीटरची ती वाट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशी फिरते. विमान जिनिव्हाला उतरतं म्हणून लोक स्वित्झर्लंडकडे धाव घेतात. कार्यक्रम समोर ठेवून रात्री मोजा. सहलीच्या आधी आणि नंतर तुम्ही स्वतः काढलेल्या हॉटेलच्या रात्रीही त्यात येतात. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि तो चौथ्या टप्प्यात घेतलेला असला की इथे धावपळ होत नाही.

कंपनीकडून ग्रुपचं पत्र मागवा, त्यात रोजचे मुक्काम पत्त्यासह हवेत. नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं हे नेहमीचं. अर्जाआधी आठवडाभर खात्यात एकदम मोठी रक्कम आणून ठेवली तर ती डोळ्यात भरते. पैसे पुरेसे असतील तर ते आधीपासून तिथे असू द्या.

पिवळ्या तापाची लस केनिया, युगांडा, पेरू, ब्राझील अशा देशांसाठी लागू होते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथेही अपॉइंटमेंट लागते. शिवाय खरी अडचण जाताना कमी आणि परतताना जास्त येते. धोक्याच्या देशातून भारतात उतरताना पिवळं कार्ड (या लसीचं प्रमाणपत्र) नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. टांझानियात फक्त किलिमांजारो करणार पण येताजाताना नैरोबीत थांबणार असाल तर केनियाचा नियमही वाचा. एकदा घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणून ते पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा.

टप्पा ६ : आता तिकीट

ग्रुप नक्की झाला, पासपोर्ट ठीक आहे, व्हिसा हातात आहे किंवा ई-व्हिसाचा देश आहे. आता तिकीट काढा. व्हिसासाठी आधीच तिकीट दाखवावं लागत असेल तर रद्द करता येणारं आरक्षण वापरा.

सहल ज्या दिवशी सुरू होते त्याच्या किमान एक दिवस आधी पोचा. बहुतेक सहलींचा पहिला दिवस म्हणजे संध्याकाळी हॉटेलात ओळखपरेड आणि टूर लीडरचं बोलणं. दुपारच्या विमानाला उशीर झाला तर तेच बुडतं, आणि मग सामान हरवल्याची तक्रार करायला वेळ उरत नाही. सामान एक दिवस उशिरा आलं तर तुमच्यापर्यंत पोचावं, यासाठीच तो जास्तीचा दिवस.

परतीच्या बाजूला एव्हरेस्टवाल्यांनी किमान एक, जमल्यास दोन दिवस मोकळे ठेवावेत. लुक्ला म्हणजे हा ट्रेक जिथून सुरू होतो तो डोंगरातला विमानतळ, आणि तिथली विमानं हवामानावर उडतात. गर्दीच्या मोसमात ती काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात आणि तिथे जायला रात्रीच निघून चार-पाच तासांचा रस्ता कापावा लागतो. "शनिवारी लुक्ला, रविवारी काठमांडू, सोमवारी सकाळी हिंजवडी" ही आखणी कागदावरच शोभते.

पुण्याहून थेट परदेशी विमानं मोजकी आहेत, म्हणजे बहुतेकांना मुंबई. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा शुक्रवारी संध्याकाळी लोणावळ्याची गर्दी लागली की द्रुतगती मार्गाला "द्रुतगती" म्हणवत नाही. रात्री दोनच्या विमानासाठी पुण्याहून संध्याकाळी सात-आठला निघण्याची सवय सोडा. दुपारीच निघा. अनंत चतुर्दशीच्या दिवशी पेठेत राहणाऱ्यांनी तर आदल्या दिवशीच बॅग घेऊन शहराबाहेरच्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जावं. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास त्या दिवशी टॅक्सी येणार नाही.

टप्पा ७ : तयारी (टप्पा ४ पासूनच)

बारा आठवडे पुरतात, जर आधीपासून थोडंफार चालत असाल तर. नसाल तर सोळा धरा.

पुण्यातला नेहमीचा आराखडा म्हणजे दर रविवारी सिंहगड, वेळ लावून, आणि वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. पिठलं-भाकरीला विरोध नाही. पण तासाभरात चढणं आणि गाडीने उतरणं ही ट्रेकची तयारी नव्हे. तिथे सलग सात दिवस, रोज सहा-सात तास, संथपणे चालायचं असतं. वेग कामाला येत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालता येणं कामाला येतं.

पहिले चार आठवडे : आठवड्यात तीन दिवस वेताळ टेकडी किंवा तळजाई, तासभर, बोलताना धाप लागणार नाही इतक्या वेगाने. एक दिवस पर्वतीच्या पायऱ्या, वर-खाली पाच-सहा वेळा. पायऱ्या १०३च आहेत, त्यामुळे एका फेरीने काही होत नाही.

पुढचे चार आठवडे : पाठीवर सहा-सात किलोची सॅक. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. गुडघा कुरकुरला तर वर जाऊन पाणी ओतता येतं आणि उतार हलक्या पाठीने उतरता येतो. रविवारी सिंहगड चढून पायीच उतरा. सोसायटीच्या जिन्यावर उतरण्याचा वेगळा सराव करा, काठ्या घेऊन. काठ्या तिथे पहिल्यांदा हातात घेतल्या तर त्या पायात येतात.

शेवटचे चार आठवडे : सलग दोन दिवस. शनिवारी राजगड, रविवारी तोरणा. किंवा रात्रीचा कात्रज ते सिंहगड आणि थोडी झोप काढून दुसऱ्या दिवशी टेकडी. यातला दुसरा दिवस हाच खरा सराव. शेवटचे दहा दिवस हलकं चाला आणि नवं काहीही करू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये आल्प्सला जाणाऱ्यांचा सराव एप्रिल-मेच्या उन्हात येतो. पहाटे पाचला निघा. ऑक्टोबरात नेपाळला जाणाऱ्यांचा सराव भर पावसात येतो. निसरड्या वाटेवर घोटा मुरगळण्यापेक्षा त्या आठवड्यात जिना बरा.

*इशारा :* "दुखतंय पण ट्रेकपर्यंत बरं होईल" असा गुडघा असेल तर सहा आठवडे आधी फिजिओथेरपिस्टकडे जा. दोन आठवडे उरले असताना त्यांच्या हातात फारसं काही नसतं.

टप्पा ८ : सामान

कंपनीच्या यादीत वजनाची मर्यादा कुठे आहे ते आधी शोधा. किलिमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे, म्हणून तुमची बॅग सुमारे १५ किलोच्या आत. लुक्लाच्या विमानात एकूण १५ किलो, हातातलं धरून. इंका ट्रेलवर तर पोर्टरकडे साधारण ७ किलोच देता येतात. चाकांची सुटकेस नको, मऊ डफल बॅग न्या. शहरातले कपडे हॉटेलात ठेवून जाता येतात.

बूट किमान दोन महिने आधी घ्या आणि सगळा सराव त्यांतच करा. माळ्यावर चार वर्षं पडून असलेले बूट वरून नवे दिसतात, पण आतला गोंद सुकलेला असतो आणि तळवा तिसऱ्या दिवशी उघडा पडतो. बूट, एक जोडी मोजे, जॅकेट आणि औषधं विमानात अंगावर किंवा हातातल्या बॅगेत. बाकी सगळं तिथे भाड्याने मिळतं, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. काठ्या मात्र चेक-इन बॅगेत. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आतली.

खाऊ न्याच. उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चव तेवढी घशाखाली उतरते. मेतकूट, सातूचं पीठ, शेंगदाण्याची चिक्की, थोडा लिंबाचा मुरांबा. पण दोन ठिकाणी सावध राहा. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनपत्रात जाहीर करावा लागतो, आणि चालण्याचे वापरलेले बूटही. सिंहगडची माती तळव्याला चिकटलेली असेल तर ती घरीच ब्रशने घासून काढा. न्यूझीलंडमध्ये लपवलेल्या वस्तूसाठी जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. केनियाने २०१७ पासून आणि टांझानियाने २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे. लाडू-चिवड्याच्या पिशव्या घरीच रिकाम्या करून डबे आणि कापडी पिशव्या वापरा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आखाती देशात विमान बदलणार असाल तर खोकल्याचं किंवा झोपेचं औषध तिथे चालतं का ते पाहा. उंचीच्या त्रासासाठीची ॲसिटाझोलामाइड शेजाऱ्याने दिली म्हणून नेऊ नका. डॉक्टरांना विचारा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते सांगाच, आणि घ्यायची ठरली तर एक-दोन दिवस घरी घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, हे डोंगरात पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो.

टिपसाठी सुट्टे डॉलर लागतात. जुन्या छपाईच्या, दुमडलेल्या, पेनाने खुणा केलेल्या नोटा आफ्रिकेत नाकारतात. पुण्यातल्या मनी चेंजरकडे बसूनच एकेक नोट पाहून घ्या.

टप्पा ९ : तिथे पोचल्यावर

पहिल्या संध्याकाळच्या बैठकीत टूर लीडरला तुमचं आजारपण, गोळ्या आणि जेवणाची अट पुन्हा तोंडी सांगा. फॉर्मवर लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचलं असेलच असं नाही.

वेळ पाळा. सकाळी सातला निघायचं म्हणजे सातला सॅक पाठीवर. बारा जणांत एकजण रोज दहा मिनिटं उशिरा आला तर तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याशी जेवताना कोणी बोलत नाही. खोलीतल्या जोडीदाराला घोरण्याबद्दल पहिल्याच रात्री सांगून टाका आणि कानात घालायचे बोळे दोघांसाठी न्या. सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलत असताना दोघे पुणेकर कोपऱ्यात मराठीत हसत बसले की ग्रुप तुटतो. ते टाळणं तुमच्या हातात आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही उंचीच्या त्रासाची सुरुवात असू शकते. लीडरला लगेच सांगा. आपल्याकडचे लोक हे लपवतात, कारण "इतके पैसे भरलेत" आणि "खाली पाठवतील". लपवल्यावर तर नक्कीच खाली पाठवावं लागतं, तेही स्ट्रेचरवर. त्रास असताना आणखी वर झोपायला जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली. जोडीदारात दिसलं तर तुम्ही सांगा, कारण त्याला स्वतःला ते कळत नसतं.

तक्रार असेल तर त्याच दिवशी लीडरला सांगा आणि कंपनीला दोन ओळींचा संदेश पाठवा. घरी परतून लिहिलेल्या पानभर पत्राला सहानुभूती मिळते. त्याच दिवशी सांगितलं तर खोली बदलून मिळते.

टिप शेवटच्या दिवशी, ग्रुपने मिळून, कोणाला किती ते उघड वाचून द्या. सगळी रक्कम एका माणसाच्या हातात देऊन "वाटून घ्या" म्हणालात तर खालच्या पोर्टरपर्यंत काय पोचेल ते सांगता येत नाही.

टप्पा १० : परतल्यावर

पिवळं कार्ड मुंबईला उतरताना हातात ठेवा, चेक-इन बॅगेत नको. विम्याचा दावा असेल तर डॉक्टरचा कागद, मूळ पावत्या, बोर्डिंग पास आणि विमान कंपनीचं उशिराचं पत्र एका पाकिटात घालून पॉलिसीत दिलेल्या मुदतीत पाठवा. सामान हरवल्याची नोंद विमानतळ सोडण्याआधीच करावी लागते, घरून फोन करून ती होत नाही. टीसीएस कापला गेला असेल तर तो आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-तपशिलात (फॉर्म २६एएस) दिसतोय का ते विवरणपत्र भरण्याआधी पाहा. दिसत नसेल तर ज्या कंपनीने कापला तिच्याकडे पॅन क्रमांक नीट गेला होता का, ते विचारा.